आफ्रिकेच्या सीमा: बर्लिन परिषद आणि नंतरचे करार

१५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिनमध्ये चौदा राष्ट्रांचे प्रतिनिधी बसले. आफ्रिकेतला एकही नव्हता. झांझिबारच्या सुलतानाने निमंत्रण मागितलं, तेही नाकारलं गेलं. आफ्रिकेचे तुकडे इथेच पाडले गेले, ही समजूत मात्र बरोबर नाही. अंतिम मसुद्यातल्या ३८ कलमांमध्ये भर होता काँगो आणि नायजर नद्यांवरच्या व्यापार-वाहतुकीवर. यापुढे किनाऱ्यावर नवा ताबा घेणाऱ्याने इतर सत्तांना कळवावं, असं कलम ३४ सांगतं. तिथे अंमल चालेल इतकी व्यवस्था ठेवावी, असं कलम ३५. दोन्ही कलमं किनाऱ्यापुरतीच होती. आतला मुलूख कोणाचा, हे पुढे दोन-दोन सत्तांच्या करारांतून ठरत गेलं.

दाव्याची सुरुवात स्थानिक राजाच्या सहीपासून होई. १८८६ साली ब्रिटिश सरकारची व्यापाराची सनद मिळालेल्या रॉयल नायजर कंपनीकडे छापील कोरे नमुने असत: राजाचं नाव भरायचं, खाली फुली घ्यायची. 'आमचा सर्व प्रदेश कंपनीला कायमचा दिला' हे वाक्य आधीच छापलेलं. ज्याला जमीन विकण्याचा अधिकार त्याच्याच समाजाने कधी दिला नव्हता, त्याच्याकडून ती लिहून घेतली जाई. एकाच गावात दोन प्रतिस्पर्धीही पोहोचत. बोर्गूतल्या निक्कीत नोव्हेंबर १८९४ मध्ये ब्रिटिशांतर्फे लुगार्डने करार केला, पाठोपाठ फ्रेंचांतर्फे देकूरने. लुगार्डचा करार भलत्याच माणसाशी झाला, असं फ्रेंचांनी म्हटलं. १८९८ च्या तडजोडीत निक्की फ्रान्सकडे गेलं. आज ते बेनिनमध्ये आहे.

मग लंडन, पॅरिस, बर्लिनमध्ये नकाशावर रेघ ठरे. १८८६ च्या ब्रिटिश-जर्मन समझोत्यातली रेघ उंबा नदीच्या मुखापासून निघून किलिमांजारोच्या उत्तर पायथ्याला वळसा घालते आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्व काठावर १ अंश दक्षिण अक्षांशाला भिडते. मसाईंची चराऊ कुरणं तिच्या दोन्ही बाजूंना विभागली गेली. व्हिक्टोरिया राणीने हा पर्वत नातू कैसर विल्हेल्मला भेट दिला, ही गोष्ट खोटी आहे. तो गादीवर आला १८८८ मध्ये.

या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष म्हणजे नकाशेच अपुरे होते. १८८५ साली नायजेरिया-कामेरून सीमेसाठी रिओ देल रे ही 'नदी' मुखापासून उगमापर्यंत धरली. प्रत्यक्षात ती निघाली समुद्राची खाडी. अशी नदी नाही, हे १ जुलै १८९० च्या करारात ब्रिटिश आणि जर्मन सरकारांना लिहून मान्य करावं लागलं. पुढे १९१३ च्या कराराने सीमा पश्चिमेकडे सरकली आणि बकासी द्वीपकल्प जर्मन कामेरूनमध्ये गेलं. त्यावरून नायजेरिया आणि कामेरून भांडत राहिले. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बकासी कामेरूनला दिलं. हस्तांतर २००८ मध्ये पुरं झालं.

१८९० च्याच करारात जर्मनीला उत्तर समुद्रातलं हेलिगोलँड बेट मिळालं आणि झांझिबारवर ब्रिटिश संरक्षण आलं. शिवाय जर्मन नैऋत्य आफ्रिकेला (आजच्या नामिबियाला) झांबेझी नदीपर्यंत पोहोचण्यासाठी कुठेही २० इंग्लिश मैलांहून कमी रुंद नसलेली पट्टी मिळाली. चॅन्सेलर काप्रिव्हींचं नाव आजही तिला चिकटलेलं आहे. व्हिक्टोरिया धबधब्यामुळे तिथून समुद्र गाठणं अशक्यच होतं.

पट्टीच्या दक्षिणेला सीमा चोबे नदीच्या मुख्य प्रवाहाच्या मध्यातून नेली. पण कासिकिली बेटाभोवती नदी दुभंगते, आणि मुख्य प्रवाह कोणता हे करारात नव्हतं. सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरच्या, पुरात बुडणाऱ्या या बेटासाठी नामिबिया आणि बोट्स्वाना न्यायालयात गेले. मिळालेल्या सीमा तशाच ठेवायच्या, हे आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६४ मध्ये कैरोत ठरवलेलं असल्याने जुना मजकूरच तपासावा लागला. न्यायालयाने खोली, रुंदी आणि पाण्याचा ओघ पाहिला. १३ डिसेंबर १९९९ रोजी ११ विरुद्ध ४ मतांनी उत्तरेकडचा प्रवाह मुख्य ठरला, बेट बोट्स्वानाचं झालं आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यात दोन्ही देशांच्या होड्यांना समान मोकळीक राहिली.