सवलतीचे गुण आणि ड्रॉइंगचा तास

शाळेत चित्रकला कशासाठी शिकवायची, हा प्रश्न महाराष्ट्रात हल्ली दहावीच्या निकालाच्या तोंडावर निघतो, आणि तोही चित्रकलेच्या परीक्षेमुळे दहावीत मिळणाऱ्या सात गुणांच्या निमित्ताने.

मुंबईत १८५७ साली कलाशाळा सुरू झाली, तेव्हा उत्तर सरळ होतं. कारागिरांचा हात सुधारायचा, नकाशे आणि आराखडे काढणारी माणसं तयार करायची. प्लास्टरच्या नमुन्यांवरून रेखाटन करून घ्यायची पद्धत लंडनहून आली. शाळकरी मुलांच्या चित्रकलेच्या श्रेणी परीक्षांचं वळणही तेच. आपण सगळे एलिमेंटरी-इंटरमिजिएट म्हणतो त्या परीक्षेचं सरकारी नाव आजही 'शासकीय रेखाकला परीक्षा' असं आहे, चित्रकला परीक्षा नव्हे. स्मरणचित्र आणि संकल्पचित्राच्या शेजारी कर्तव्यभूमिती (मोजमापाने आकृत्या काढणं) आणि अक्षरलेखन वर्षानुवर्षे बसून राहिले, ते या नावामुळेच. कल्पना किती धावली यापेक्षा रेघ किती सरळ आली, याला तिथे मोल.

१९६५ मध्ये कलेसाठी राज्याचं स्वतंत्र संचालनालय झालं. उच्च कलाशिक्षणाला त्याचा फायदा झाला. शाळेत मात्र एक विचित्र फाळणी झाली: परीक्षा घेणार एक खातं, ड्रॉइंगच्या सरांची नेमणूक आणि पगार दुसऱ्या खात्याकडे. पुढच्या बहुतेक गोंधळांचं मूळ इथे आहे, असं मला वाटतं.

आता गुणांकडे. २०१७ मध्ये शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकलेत प्रावीण्य मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावीत वाढीव गुण देण्याचं ठरलं. इंटरमिजिएटला अ श्रेणी असेल तर ७, ब असेल तर ५, क असेल तर ३. खेळाडूंना असे गुण आधीपासून मिळत होतेच, मग चित्र काढणाऱ्याने काय घोडं मारलं होतं? युक्तिवाद बिनतोड होता. पण या गुणांना नाव काय द्यायचं, इथे सगळं अडखळलं. कुणी 'अतिरिक्त' म्हणतं, कुणी 'वाढीव', आणि बोलण्यात पक्कं रुजलेलं नाव म्हणजे 'सवलतीचे गुण'. सवलत एसटीच्या तिकिटाला असते. जे आपलं नाही ते मेहेरबानीने पदरात पडलं, असा त्या शब्दाचा सूर आहे. मुलाने कागद ताणून, रंग सुकायची वाट पाहत मिळवलेली श्रेणी त्यात बसत नाही. दुसरी बाजूही खोटी नाही. सात गुणांनी अकरावीच्या यादीत नाव वर सरकतं हे कळल्यावर ज्यांना ब्रशशी काही देणंघेणं नव्हतं तेही परीक्षेला बसू लागले, आणि पाठ करून ठेवलेलं स्मरणचित्र हा प्रकार फोफावला. जत्रा, बसथांबा, फुगेवाला: तीच माणसं, तेच झाड, कोपऱ्यात तोच कुत्रा.

२०२१ मध्ये करोनामुळे ही परीक्षा झाली नव्हती, म्हणून त्या वर्षी हे गुण मिळणार नाहीत असं जाहीर झालं. ज्यांनी आठवी-नववीतच इंटरमिजिएट उरकली होती त्यांच्या पालकांचा संताप रास्त होता. त्या वादातही कला शिकण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळी ओरड टक्क्यांची.

गुण सुरू होण्याच्या आधीची एक गोष्ट या गदारोळात विसरली जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, द्यायला सांगितलं. २०१५ मध्ये राज्याने त्याचाच आधार घेत मानधनावरचे 'अतिथी निदेशक' आणले. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून कायम नोकरीची वाट पाहणाऱ्यांना ते फार लागलं. म्हणजे आधी मास्तर पाहुणा केला, मग दोन वर्षांनी विषयाला गुण दिले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांच्यातल्या भिंती पाडायची भाषा केली. सगळ्या विषयांत कला मिसळायची हा विचार चांगला आहे, पण गणिताच्या बाईंनीच रांगोळीतून सममिती शिकवली की वेगळा कलाशिक्षक कशाला, असंही त्यातून कुणी काढू शकतं. २०२३ च्या राष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम आराखड्यात कलेला स्वतंत्र अभ्यासक्षेत्राची जागा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मात्र 'अंशकालीन' हा शब्द तसाच आहे.