मूल झालं की कौन्सिलचं घर मिळतं? खुलासा

इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं एक समज फिरतोय: पोरगी गरोदर राहिली की कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था, घराची किल्ली हातात ठेवते. तिकडे स्थायिक झालेले आपले काका-मामाही हे छातीठोकपणे सांगतात. तसं काही नाही.

१९९६च्या हाउसिंग अ‍ॅक्टप्रमाणे प्राधान्य मिळतं ते बेघरांना, दाटीवाटीच्या किंवा राहण्याजोग्या नसलेल्या घरात अडकलेल्यांना आणि आजारपणामुळे घर बदलणं भाग असलेल्यांना. गरोदरपण मोजलं जातं, पण बेघर झाल्यावर. अशा बाईची तात्पुरती सोय कौन्सिलला करावीच लागते. ही सोय म्हणजे बरेचदा हॉस्टेलची एक खोली, सामान पलंगाखाली. स्वयंपाकघर सामाईक असलेल्या बी अँड बीमध्ये (बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे छोटेखानी लॉज) मुलाबाळांच्या कुटुंबाला ६ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचं नाही असा नियम आहे. तो पाळला जातोच असं नाही.

पक्क्या घरासाठी पुढे रांग आहेच. बऱ्याच कौन्सिलांत रिकाम्या घरांची जाहिरात येते आणि अर्जदार त्यावर ‘बिड’ करतात, म्हणजे हे घर हवंय असं कळवतात. यात पैशाचा संबंध नाही. आधी गरजेचा गट बघतात, मग गटात नाव कधी लागलं ते. मुलं जास्त असली तर उलट पंचाईत, कारण तीन-चार बेडरूमची घरं निघतातच कमी.

आणि व्हिसावर सरकारी लाभ न घेण्याची अट असलेल्यांचं तर सहसा या यादीत नावच लागत नाही.