निम्मा वाटा : राज्याच्या रेल्वे आराखड्यामागचा जुना वाद

महाराष्ट्रातील प्रवासी रेल्वेच्या पुढील आराखड्याची चर्चा निघाली की नव्या मार्गांची यादी पुढे येते आणि आपला जिल्हा तीत आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. त्या यादीतला कोणता मार्ग कागदावरून जमिनीवर उतरणार, हे मात्र गेली दोन दशके बहुतांशी एकाच प्रश्नावर ठरत आले आहे : खर्चातला राज्याचा वाटा किती? रेल्वे हा संघसूचीतील, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतील विषय आहे. गाडी सोडणे, तिची वेळ ठरवणे, थांबा देणे, यांपैकी काहीही राज्याच्या हाती नाही. तरीही निम्मा खर्च राज्याच्या तिजोरीतून देण्याची पद्धत येथे रुजली, आणि ती योग्य की अयोग्य हा वाद अजून मिटलेला नाही.

त्याची मुळे जुन्या नकाशात आहेत. मुंबईतून निघालेले मुख्य मार्ग बंदराकडे माल नेण्याच्या हिशेबाने आखले गेले. निजामाच्या राज्यातून जाणारी मनमाड–हैदराबाद लाईन मीटरगेज, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांची होती आणि मराठवाड्यात ती ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची व्हायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडले. बार्शी लाईट या अरुंद रुळांच्या जुन्या मार्गावरची छोटी गाडी कुर्डुवाडी आणि लातूरच्या दरम्यान एकविसाव्या शतकापर्यंत पाहायला मिळाली. प्रशासकीय हद्दींनीही मदत केली नाही. नांदेड विभागाचा कारभार सिकंदराबादहून चालतो, पूर्व विदर्भातील काही मार्ग बिलासपूरच्या झोनकडे आहेत आणि बाकीचा बहुतेक भाग मुंबईतील दोन मुख्यालयांकडे आहे. संपूर्ण राज्य एकच जाळे मानून विचार करणारे टेबलच कोठे नव्हते. त्यामुळे आराखडा म्हणजे जिल्हावार मागण्यांची बेरीज, असे त्याचे स्वरूप झाले.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर)–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग या साऱ्या इतिहासाचा नमुना आहे. १९९५-९६ मध्ये तो मंजूर झाला तेव्हा खर्चाचा अंदाज ३५३ कोटी रुपये होता. येथे ‘मंजूर’ या शब्दाशी थोडे थांबणे भाग आहे, कारण बातम्यांमध्ये तो किमान चार अर्थांनी येतो. सर्वेक्षणाला परवानगी मिळाली तरी मार्ग मंजूर, अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत नाव आले तरी मंजूर, सविस्तर प्रकल्प अहवाल स्वीकारला गेला तरी मंजूर, आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने निधीसह मान्यता दिली तरीही मंजूरच. त्यामुळे एकाच मार्गाचे पेढे दोन-तीन पिढ्यांतील कार्यकर्त्यांनी वाटल्याची उदाहरणे आहेत. २०१७ पासून स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प बंद झाला, पण हा शब्दगोंधळ संपला नाही.

परळी मार्ग अडला तो परताव्याच्या गणितात. नव्या मार्गातून गुंतवणुकीवर १४ टक्के परतावा मिळावा, असा रेल्वेचा दीर्घकाळचा निकष होता. कोळसा किंवा सिमेंटची वाहतूक नसलेल्या भागात तो पूर्ण होणे जवळपास अशक्यच होते. मग तोडगा निघाला : राज्याने निम्मा खर्च उचलावा, म्हणजे रेल्वेच्या खात्यावरील भांडवल कमी दिसेल, परताव्याचा टक्का वाढेल आणि काम पुढे सरकेल. परळीसाठी राज्याने हे मान्य केले. पुढे वडसा–गडचिरोली आणि सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या मार्गांनाही हीच पद्धत लागू झाली.

या निर्णयाच्या समर्थकांचे म्हणणे साधे आहे. वाटा दिला नसता, तर हे मार्ग कधीच झाले नसते. ते खरे असेलही, पण विरोधकांचा आक्षेप अधिक मुळाशी जाणारा वाटतो. निम्मे पैसे देऊनही तयार झालेला मार्ग, त्याचे उत्पन्न आणि त्यावरच्या गाड्या या सगळ्यांचा मालक एकच राहतो, आणि तो राज्य नव्हे. शिवाय वाटा मूळ अंदाजावर नव्हे, तर अंतिम खर्चावर मोजला जातो. परळी मार्गाचा खर्च ४,८०० कोटींच्या पुढे गेला, तेव्हा राज्याचा हिस्साही साधारण पावणेदोनशे कोटींवरून २,४०० कोटींवर पोहोचला. विलंब कोणामुळे झाला, यावर दोन्ही बाजूंची उत्तरे ठरलेली आहेत. केंद्राकडून भूसंपादनाकडे बोट दाखवले जाते, कारण ते काम राज्य यंत्रणेचे. राज्याकडून वर्षानुवर्षे मिळालेल्या तुटपुंज्या तरतुदींचे आकडे पुढे केले जातात. २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाल्यावर मोबदला वाढला, तो न्याय्यच होता. पण ज्या मार्गांची जमीन तोवर ताब्यात आली नव्हती, त्यांचे अंदाजपत्रक कोलमडले. आष्टीपर्यंतचा ६६ किलोमीटरचा टप्पा २०२२ मध्ये सुरू झाला आणि बीडला गाडी पोहोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये.

तोवर राज्याच्या महत्त्वाकांक्षेचे रूप बदलले होते. २०१७ मध्ये केंद्र आणि राज्याच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी उभी राहिली आणि वाटा देणारे राज्य प्रथमच मार्ग आखू लागले. पुणे–नाशिक हा २३५ किलोमीटरचा, १६,०३९ कोटींचा, ताशी २०० किलोमीटर वेगाचा प्रस्ताव हे तिचे मुख्य काम. खर्चापैकी ६० टक्के कर्ज आणि उरलेल्यात केंद्र व राज्य प्रत्येकी २० टक्के, अशी मांडणी होती. राज्य मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली आणि काही गावांत जमिनींची खरेदीखतेही झाली. मात्र नारायणगावजवळील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामात या मार्गामुळे व्यत्यय येईल, असा आक्षेप निघाला आणि अहिल्यानगर–शिर्डीकडून वळसा घेणारा पर्याय पुढे आला. संगमनेर, जुन्नर, आंबेगाव भागातील नाराजी दुर्बिणीवर कमी आणि या वळशावर जास्त आहे. ज्या तालुक्यांनी रेल्वे कधी पाहिलीच नाही, तेच पुन्हा नकाशाबाहेर जाणार आहेत.

२०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना–जळगाव (१७४ किलोमीटर, ७,१०६ कोटी) आणि मनमाड–इंदूर (३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी) या मार्गांना मान्यता दिली. ही वर सांगितलेल्या चारांपैकी शेवटच्या अर्थाची मंजुरी आहे. जालना मार्गातही राज्याचा निम्मा वाटा आहे. त्यावर दिवसाला किती प्रवासी गाड्या धावतील, याबद्दल वाटा देणाऱ्याला काही म्हणता येईल अशी तरतूद मात्र अजून कोणत्याही मार्गाच्या बाबतीत दिसत नाही.

भागीदारीचा सर्वांत जुना प्रयोग कोकण रेल्वेचा आहे. १९९८ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या त्या मार्गाच्या कंपनीत केंद्राचे ५१ आणि महाराष्ट्राचे २२ टक्के भागभांडवल होते. कर्नाटक, गोवा आणि केरळ हे उरलेले भागीदार. दुहेरीकरणासाठी लागणारा पैसा स्वतंत्र कंपनीला उभा करता येईना, तेव्हा तिचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करण्याच्या मागणीने जोर धरला. २०२५ मध्ये महाराष्ट्राने त्याला संमती दिली. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे, ही त्यातली अट होती.