अ‍ॅनॉमली स्कॅन झालाय, मग फीटल इको कशाला?

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीनंतर, म्हणजे अ‍ॅनॉमली स्कॅननंतर, डॉक्टरांनी फीटल इकोची (पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या खास तपासणीची) चिठ्ठी दिली की घरात हा प्रश्न हमखास निघतो. ठोके तर छान ऐकू आले, मग आता पुन्हा काय?

ठोके छान असले म्हणजे हृदयाची घडण नीट आहे असं होत नाही. पोटातल्या बाळाला ऑक्सिजन वारेतून मिळतो. त्यामुळे मोठा दोष असलेलं हृदयही मिनिटाला 110 ते 160 ठोके बिनतक्रार देत राहतं.

अ‍ॅनॉमली स्कॅन प्रत्येक गरोदर बाईसाठी असतो, साधारण 18 ते 20 आठवड्यांत. मेंदू, मणका, किडन्या, हातपाय आणि त्यातच हृदय. हृदयाचे चार कप्पे दिसले की काम झालं, असं मात्र नाही. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल, तर चारही कप्पे अगदी सरळ दिसू शकतात. असं बाळ जन्मल्यावर काही तासांत निळं पडू लागतं आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्याचं ऑपरेशन करावं लागतं. म्हणून रिपोर्टमध्ये 'आउटफ्लो ट्रॅक्ट' (म्हणजे याच मोठ्या रक्तवाहिन्यांकडे जाणारी वाट) पाहिल्याची नोंद आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. हृदयदोष असलेली बहुतेक बाळं कुठलीच जोखीम नसलेल्या घरांत जन्मतात, त्यामुळे मी या एका ओळीला फार महत्त्व देते.

फीटल इको हीसुद्धा सोनोग्राफीच, पण फक्त बाळाच्या हृदयाची. झडपा, ठोक्यांची लय, रक्त कुठून कुठे वाहतंय हे सगळं त्यात बारकाईने पाहतात. ती सरसकट सगळ्यांना लागत नाही. स्कॅनमध्ये शंका आली, आईला आधीपासून मधुमेह असला, आईवडिलांना किंवा आधीच्या मुलाला जन्मजात हृदयविकार असला, तर मात्र टाळू नये. (आईच्या छातीवरून होणारा टू-डी इको वेगळा, त्यात आईचंच हृदय दिसतं.)

स्कॅन लांबवू नका, हे माझं कळकळीचं सांगणं. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतरही 24 आठवड्यांपुढे गंभीर व्यंगासाठी गर्भपात करायचा तर वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. पण वेळेत कळण्याचा मोठा फायदा वेगळाच आहे: बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरवता येतं. मुंबईत परळला वाडियाचं प्रसूतिगृह आणि मुलांचं रुग्णालय शेजारी-शेजारी आहेत. निळ्या पडलेल्या तान्ह्याला विरारहून किंवा बदलापूरहून रुग्णवाहिकेतून आणण्यापेक्षा ते आईच्या पोटातूनच तिथे पोहोचलेलं कितीतरी सुरक्षित.

दोन्ही तपासण्या नीट आल्या तरी हृदयातली काही लहान छिद्रं सुटू शकतात. शिवाय हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली वाट प्रत्येक गर्भात उघडीच असते. ती बंद होते की नाही, हे जन्मानंतरच कळतं. क्वचित एखादा मोठा दोषही नजरेतून सुटतो, म्हणून घरी सोडण्याआधी बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन मोजायला सांगा. त्यात सुई टोचावी लागत नाही आणि काही मिनिटांत होतं.