पोटातली जाळी खिळ्यांवर टिकत नाही

रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवर काय नि आंब्याच्या पेट्या उचलणाऱ्या गड्यांत काय, एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: दुर्बिणीतून पोटाच्या हर्नियाचं, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या भोकातून आतला भाग बाहेर फुगण्याचं, ऑपरेशन करताना ते भोक झाकणाऱ्या जाळीला जितके खिळे जास्त, तितकी ती पक्की. हे खरं नाही.

मासेमारीचं जाळं गाठींवर टिकतं, पोटातली जाळी शेवटी शरीरच धरतं. काही आठवड्यांत तिच्या छिद्रांतून नवे तंतू वाढतात आणि ती पोटाच्या भिंतीत रुजते. टॅक म्हणजे स्क्रूसारखे बारीक खिळे, किंवा टाके, हे तोवर तिला जागेवर ठेवण्यापुरते. जाळी भोकाच्या चारही बाजूंना साधारण ५ सेंटीमीटर पुढे पसरलेली असणं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

जादा खिळ्यांनी दुखणं मात्र वाढू शकतं. एखादा मज्जातंतूत रुतला तर महिनोनमहिने ठणकतं. क्वचित आतडं तिथे चिकटतं. जांघेच्या हर्नियात तर खालच्या भागात मोठ्या रक्तवाहिन्या असतात, तिथे टॅक मारायचाच नसतो. या हर्नियात अनेकदा खिळ्यांशिवायही भागतं.

ऑपरेशननंतर मऊ फुगवटा दिसला की ‘जाळी सुटली’ म्हणून घाबरू नका. बहुतेकदा ते साठलेलं पाणी असतं, हळूहळू जिरतं; तरी डॉक्टरांना दाखवा. ताप, लाली, उलट्या असतील तर त्याच दिवशी.