फेसबुकवर टाकलेली कथा ‘उष्टी’ होते का?

सांगलीत चार लिहिणारे जमले की कुणीतरी हमखास सांगतं, “कथा फेसबुकवर टाकलीस? मग हक्क गेला, आता ती कुणाचीही.” हे साफ चूक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहून झाली की हक्क आपोआप लेखकाचा. नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. पोस्ट टाकल्याने तो जात नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी, सहीचा करारच लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षं धरतात. (हे कलम १९ सही करण्याआधी वाचाच. आपल्याकडे लोक सातबारा दहादा वाचतात आणि पुस्तकाचा करार न वाचता सही ठोकतात.)

मग अफवा आली कुठून? दिवाळी अंकांच्या आवाहनातल्या ‘अप्रकाशित’ या शब्दातून. कायद्याच्या व्याख्येत लोकांपर्यंत पोचवणं म्हणजेच प्रकाशन, त्यामुळे सगळ्यांना दिसणारी पोस्ट प्रकाशितच ठरते. पण ही संपादकाची अट झाली, हक्काशी तिचा संबंध नाही. अंकाला ताजी कथा हवी असते, इतकंच. कथासंग्रहाचं गणित वेगळं: त्यातल्या बऱ्याच कथा आधी मासिकांत येऊन गेलेल्या असतात.

तेव्हा कथा पाठवताना ‘अमुक महिन्यात समाजमाध्यमावर टाकली होती’ अशी एक ओळ लिहा. गुपचूप पोस्ट काढून टाकू नका. स्क्रीनशॉट कुणाकडे तरी असतोच.