सिगारेटला कधी हात न लावलेल्यांचा फुप्फुसाचा कर्करोग

फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या माणसाला पहिला प्रश्न बिडी-सिगारेटचा विचारला जातो आणि ‘कधीच नाही’ असे उत्तर आले तरी विचारणाऱ्याची शंका फिटत नाही. आजाराने आधीच खचलेल्या माणसावर हा अन्यायच आहे. बाहेरची प्रदूषित हवा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच जाहीर केले होते, परंतु ही हवा पेशींमध्ये नेमके काय करते, हे आता कुठे उलगडू लागले आहे.

लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील चार्ल्स स्वांटन यांच्या गटाने २०२३ मध्ये २९५ व्यक्तींच्या फुप्फुसांतील निरोगी ऊतींचे नमुने तपासल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआर या जनुकात आणि ५३ टक्के नमुन्यांत केआरएएस या जनुकात कर्करोगाला चालना देऊ शकणारी उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएच्या रचनेतील बदल, आढळली. वयाबरोबर साचणारे असे बदल बहुतेकदा निपचित राहतात. मात्र अडीच मायक्रॉनहून लहान धूलिकण वायुकोशांपर्यंत पोचले, की ते गिळणाऱ्या भक्षक पेशी इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह वाढवणारे प्रथिन सोडतात. त्यामुळे वायुकोशातील काही पेशी मूळपेशींसारख्या, म्हणजे नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या पेशींसारख्या, वागू लागतात आणि अशी पेशी आधीच उत्परिवर्तित असली, तर तिच्यापासून गाठ वाढू शकते. उंदरांमध्ये हे प्रथिन प्रतिपिंडाने निष्प्रभ केल्यावर कर्करोगाची वाढ रोखली गेली.

म्हणजे प्रदूषण नवी उत्परिवर्तने घडवत नाही, आधीच असलेल्यांना केवळ चेतवण्याचे काम करते, असे वाटले असते. पण २०२५ मध्ये ‘शेरलॉक-लंग’ प्रकल्पाने कधीही धूम्रपान न केलेल्या ८७१ रुग्णांच्या गाठींतील संपूर्ण जनुकसंचाचे विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. अधिक प्रदूषित भागांतील रुग्णांमध्ये एरवी कर्करोगाला आवर घालणाऱ्या टीपी५३ या जनुकातील उत्परिवर्तने अधिक आढळली, गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर आखूड झालेले दिसले आणि एरवी तंबाखूच्या धुराशी जोडला जाणारा उत्परिवर्तनांचा ठसा, म्हणजे त्या धुराने डीएनएत घडणाऱ्या बदलांची ठरावीक नक्षी, ३.९ पट ठळक होता. दुसऱ्यांच्या सिगारेटच्या धुराचा मात्र असा वेगळा ठसा सापडला नाही. अर्थात त्यावरून तो धूर निरुपद्रवी ठरत नाही.

माझ्या मते या दोन निष्कर्षांत विरोध नाही, कारण एकच धूलिकण दाहही निर्माण करू शकतो आणि डीएनएला इजा करणारी रसायनेही वाहून नेऊ शकतो. मात्र दुसऱ्या अभ्यासात प्रदूषणाचे आकडे त्या-त्या प्रदेशाच्या पातळीवरचे होते. प्रत्येक रुग्णाने आयुष्यभर प्रत्यक्षात किती कण श्वासावाटे घेतले, हे त्यात मोजलेले नव्हते.